आंब्याच्या बुंध्यांना बांधलेली होडी

त्या पंधरा-सोळा दिवसांत लोकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. कुठला फोटो मोठा करून घ्यायचा? मी सांगलीतच राहणार की पुण्याला लेकीकडं जाणार? सोबतीला कुणी हवं का? कपडे कुणाला द्यायचे? मी सगळ्यांना "बघू" म्हणत होते आणि ते मान हलवून चहा पीत होते. मग एका सकाळी कोयनेच्या काठावरून माझ्या चुलत दिरांचा फोन आला. ते म्हणाले, "वैनी, होडीचं काय करायचं? समुद्रात वादळ झालंय म्हनं. परवापातूर आपल्याकडं वारं येनार असं सांगत्यात."

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

नवऱ्याला मी चाळीस वर्षांत कधी नावानं हाक मारली नाही. समोर असले की 'अहो' आणि दुसऱ्यांशी बोलताना 'हे'. इथंही तसंच लिहिते. दुसरं काही हाताला येत नाही.

हे नेव्हीत होते. त्यांचं मूळ गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव उठलं तेव्हा हे आईच्या कडेवर होते. वर डोंगरात सरकलेल्या त्या गावात घरटी एक माणूस फौजेत, पण नेव्हीत गेलेले हे एकटेच. निवृत्त झाल्यावर सांगलीच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली. तीही संपल्यावर जुन्या ओळखीतून एक वापरलेली शिडाची होडी मिळवली, फायबरची, सोळा फूट लांब. ट्रकवर घालून ती घाटातून आणली आणि बामणोलीच्या अलीकडच्या एका उताराला, लाँची लागतात तिथं, पाण्यात सोडली. सहा वर्षं आम्ही पंधरा दिवसांनी एका शनिवारी तिथं जायचो. मी पुढं बसायचे आणि सांगतील तो दोर ओढायचे. मला त्यात फारसा आनंद नव्हता. पाठ दुखायची, ऊन लागायचं. घरी सातवी-आठवीचे पेपर तपासायचे पडलेले असायचे. पण नाही म्हणावं एवढा त्रासही नव्हता.

हे एप्रिलच्या शेवटी गेले. विश्रामबागेतल्या मंडईत आम्ही भाजी घेत होतो. "जरा बसतो," म्हणाले आणि एका दुकानाच्या पायरीवर बसले. मी कोथिंबिरीची जुडी निवडत होते. वळून बघितलं तर दुकानदार त्यांचा खांदा हलवत होता. त्या दिवसातलं एवढंच मला नीट आठवतं. कोथिंबीर दवाखान्यातसुद्धा माझ्या हातात होती, ती एका नर्सनं काढून घेतली. रडू आलं नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय. मला वाटलं, येईल. तेराव्यापर्यंत आलं नाही, मग मी वाट बघायचं सोडलं.

तर दिरांचा फोन आला. त्यांना मी भाऊजी म्हणते. ह्यांच्या सख्ख्या चुलत्यांचा मुलगा, ह्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. त्यांची स्वतःची लोखंडी लाँच आहे. धरणाच्या पलीकडच्या काठावर ज्या वाड्या आहेत त्यांना रस्ता नाही, म्हणजे आहे, पण जंगलातून, दिवस मोडतो. भाऊजींच्या लाँचीनं माणसं, दूध, गॅसच्या टाक्या, सगळं इकडं-तिकडं होतं.

"पाणी किती खाली आहे?" मी विचारलं.

"लय खाली. जुन्या आमराईचं बुंदं उगडं पडल्यात."

"मग उतारावर ठेवू नका. लाँचींच्या मधे सापडली तर चुरा होईल. पलीकडच्या काठाला, डोंगराच्या आडोशाला जो ओढा आहे ना, त्यात न्यायची. शीड काढायचं, काठी आडवी करायची."

"मला त्यातलं काय ठावं न्हाई, वैनी. दादाच करायचा. सांगा तुमी फोनवर, मी बगतो."

"मी येते," मी म्हणाले.

लेकीला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "आई, सोळा दिवस झालेत. होडी बुडाली तर बुडू दे ना." तिचं म्हणणं बरोबर होतं. आमच्यातलं कुणी त्या होडीवर जगत नव्हतं. मी फोन कानाला लावूनच पिशवी भरत होते.

वादळाच्या आधी होडीला काय काय करायचं हे मला पाठ होतं, कारण दरवर्षी मे महिन्यात हे तीच यादी म्हणायचे. शीड, काठी, सुकाणू, फळी, दोर. पहिल्या वर्षी त्यांनी मला दोराचं समजावून सांगितलं होतं. वाऱ्यानं होडी रात्रभर हलते. दोर होडीच्या काठावर एकाच जागी घासत राहतो आणि तिथंच तुटतो, कितीही जाड असला तरी. म्हणून घासण्याच्या जागी काहीतरी जाड गुंडाळायचं. हे गोणपाट वापरायचे. माझ्याकडं गोणपाट नव्हतं. नणंदेनं ह्यांच्या कपड्यांची दोन गाठोडी बांधून पलंगाखाली ठेवली होती, कुणाला द्यायची ते ठरत नव्हतं. मी एक गाठोडं सोडलं, जीनच्या दोन पॅन्टी काढल्या आणि कात्रीनं चारी पाय कापले. एका पायाचे दोन, असे आठ तुकडे झाले. वरचा भाग परत गाठोड्यात ठेवला. त्याचं कुणी काय करणार होतं कोण जाणे, पण ठेवला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं सातारा, तिथून कासवरून बामणोलीची गाडी. वर ढग होते आणि पान हलत नव्हतं. शेजारची बाई तिच्या सुनेबद्दल बोलत होती. मी होय-होय म्हणत होते. कासच्या वळणावर तिनं विचारलं, "तुम्ही कुणाकडं चाललाय?" मी म्हणाले, होडी बांधायला. ती खिडकीकडं वळून बसली.

भाऊजी उतारावर उभे होते. त्यांनी विचारलं, "जेवला का?" मी म्हणाले, नाही. मग आम्ही लाँचीत बसून त्यांच्या घरची भाकरी आणि पावट्याची उसळ खाल्ली. ह्यांच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. दहाव्याला सांगलीला येऊन गेले होते, तेव्हाही घाटावर एका बाजूला उभे राहून परत गेले होते.

मे महिन्यात तिथलं पाणी इतकं खाली जातं की काठ म्हणजे नुसती लाल, भेगाळलेली उतरंड. झाडं पार वर. होडी खाली डबक्यात ठेवल्यासारखी दिसत होती. मी चपला काढून आत गेले. शीड सोडवून खाली घेतलं, घडी घातली, पिशवीत भरलं. डोलकाठी बुडाशी एका खिळीवर फिरते. खिळी काढली की काठी मागं आडवी करता येते. खिळी गंजली होती. भाऊजींनी पान्यानं तीन-चार टोले दिले तेव्हा निघाली. काठी दोघांनी धरून खाली घेतली. सुकाणू उचकटून काढलं. होडीच्या मधे एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, होडी आडवी वाहू नये म्हणून. ती वर ओढून घेतली. दर वेळी मी काय करायचं ते मोठ्यानं म्हणत होते आणि भाऊजी ते करत होते. माझा आवाज शाळेत हजेरी घेताना येतो तसा येत होता.

"दादाबी असाच वरडायचा," भाऊजी म्हणाले.

"मी ओरडत नाही."

"न्हाई न्हाई. तसं न्हवं."

मग लाँचीच्या मागं होडी बांधून आम्ही पलीकडं गेलो. ओढ्याचं तोंड रुंद आहे, आत गेल्यावर ते अरुंद होतं आणि पश्चिमेला उभा डोंगर आहे. पाणी भरायच्या आधी तिथली आमराई तोडली होती. बुंधे तसेच राहिले. वर्षातले दहा महिने ते पाण्याखाली असतात आणि उन्हाळ्यात दोन महिने बाहेर येतात, काळे, दगडासारखे घट्ट. झाडं वर राहिल्यामुळं बांधायला तेवढेच.

होडी ओढ्याच्या मधोमध ठेवायची आणि चारी कोपऱ्यांतून चार बुंध्यांना दोर न्यायचा, म्हणजे ती कुठल्याच काठाला लागत नाही. मी गुडघाभर चिखलातून एकेका बुंध्याशी गेले आणि गाठ मारली. ह्यांनी शिकवलेली गाठ, ताण आला की आवळत नाही आणि सरकतही नाही. पहिली दोन वर्षं मला ती जमत नव्हती. त्या दिवशी चारी पहिल्या फटक्यात बसल्या. पाचवा दोर नांगराचा, तोंडाकडच्या खोल पाण्यात. प्रत्येक दोर होडीच्या काठावरून जिथं बाहेर पडतो तिथं मी जीनचा तुकडा गुंडाळून सुतळीनं आवळला. नांगराच्या दोराला दोन तुकडे घातले. भाऊजी बघत होते. एका तुकड्यावर गुडघ्याजवळ रंगाचा डाग होता, दारं रंगवताना पडलेला. त्यांनी ती पॅन्ट ओळखली असावी. ते दुसरीकडं बघायला लागले.

त्यांना वरून ताडपत्री टाकायची होती. मी नको म्हणाले. "पाऊस आत जाऊ दे. जड झालेली बरी. ताडपत्री टाकली तर तिचंच शीड होईल."

"तुमी म्हनाल तसं."

नंतर त्यांनी आपली लाँच बांधायला घेतली. चांगले, खोल रुतलेले बुंधे चार होते आणि ते होडीकडं गेले होते. होडीला लावलेले चांगले दोरही भाऊजींनी आपल्या लाँचीतले काढून दिलेले होते. लाँचीला दोन जुने नायलॉनचे दोर आणि काठाकडचा एक बुंधा, एक खडक. मी विचारलं, "लाँच एवढ्यावर राहील?"

"ती जड हाय, वैनी. ती कुटं जातीय?"

मी एका दगडावर बसून पाणी पीत होते. तिथून मला लाँचीचा पुढचा दोर दिसत होता. तो कडीतून निघून लोखंडी पत्र्याच्या उघड्या धारेवरून खाली येत होता. माझी पिशवी पायाशी होती आणि तिच्यात दोन तुकडे उरले होते. उठून चार पावलं गेलं की झालं असतं. मी उठले नाही. विसरले असं नाही, दमलेही नव्हते. बघत होते. आपलं काम संपलं, एवढंच डोक्यात होतं, आणि तेही फार ठळक नाही. भाऊजी येऊन म्हणाले, "चला, वर वाडीवर जाऊ. वारं सुटायच्या आदी पोचलं पायजे." मी पिशवी उचलली.

वाडी वर पाऊण तासाच्या चढावर आहे. अर्ध्या वाटेत वारा आला. आधी दरीतून आवाज आला, मग समोरच्या जंगलाची पानं एकदम उलटी होऊन पांढरी दिसली, मग आमच्या अंगावर आला. करवंदीच्या जाळ्या धरत आम्ही वर गेलो. आम्हाला एका म्हाताऱ्या बाईनं घरात घेतलं. ती ह्यांना लहानपणापासून ओळखत होती. तिनं मला कपाळावरून, गळ्यावरून एकदा बघितलं, कोरडं लुगडं दिलं आणि चूल पुढं ओढली.

रात्रीचं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. पत्रे उडाले, सगळी वाडी जागी होती, असं मला सकाळी कळलं. मी झोपले होते. ह्यांच्यानंतर इतकी सलग झोप मला पहिल्यांदा लागली, आणि ती त्या रात्री लागली.

सकाळी पाऊस होता पण वारा उतरला होता. आम्ही खाली गेलो. होडी होती. अर्ध्यापर्यंत पाणी भरलेलं, एक बुंधा कलला होता, पण चारी दोर जागेवर आणि होडी मधोमध, खाली बसल्यासारखी. लाँच जिथं होती तिथं नव्हती. मागं बघितलं तर ओढ्याच्या दुसऱ्या काठाला खडकांत तिचं नाक वर आलेलं दिसलं. मागची बाजू पाण्यात गेली होती. पुढचा दोर तुटल्यावर ती गरकन फिरली, खडकावर आपटली आणि खालचा पत्रा उसवला.

भाऊजी काठावर उकिडवे बसले. म्हणाले, "इंजिन पान्यात गेलं."

मी दोराचं टोक हातात घेतलं. त्याचे धागे एका रेषेत कापल्यासारखे तुटले होते. मला काहीतरी वाटायला हवं होतं हे मला कळत होतं. कुणी मेलेलं तर नाही, असाही विचार आला, आणि तो विचार माझा नाही, ऐकलेला आहे, असंही वाटलं. मी टोक खाली ठेवलं आणि होडीतलं पाणी डब्यानं उपसायला लागले, कारण समोर तेच होतं.

त्या दिवशी सांगलीला जायचं होतं. मी गेले नाही. लेकीला वरच्या टेकाडावरून, जिथं रेंज येते तिथून, फोन केला आणि सांगितलं की भाऊजींच्या लाँचीचं नुकसान झालंय, दोन दिवस राहते. दोन दिवसांचे जवळजवळ चोवीस झाले.

लाँच वर काढायला वाडीतली माणसं आली. रिकामी पिंपं बांधून, दोर लावून दोन दिवसांत ती काठावर घेतली. मेढ्याहून मेकॅनिक आला, त्यानं इंजिन उघडलं आणि सगळं चटईवर मांडलं. सामान साताऱ्याहून यायचं होतं. पत्रा जोडायला वेल्डिंगचं मशीन पाण्यावरून आणायचं होतं. उतारावरच्या दुसऱ्या दोन लाँचीही खराब झाल्या होत्या. ज्या धड होत्या त्यांना त्यांचीच गावं पुरत होती. तिसऱ्या दिवशी वाडीतलं दूध नासलं, ते लोकांनी ओतून दिलं.

भाऊजी माझ्याजवळ आले. "वैनी, ही होडी किती मानसं घेती?"

"चार. फार तर पाच."

"तुमाला चालवता येती न्हवं?"

ह्यांनी मला सुकाणू चार-पाच वेळाच धरू दिलं होतं, म्हणजे मीच पाच मिनिटांत परत द्यायचे. "येते," मी म्हणाले. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. नाही म्हटलं तर पुढं आणखी बोलावं लागलं असतं.

काठी उभी केली, खिळी घातली, शीड चढवलं. पहिल्या फेरीला दुधाचे दोन कॅन, भाऊजी आणि ती म्हातारी बाई. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, तिला साताऱ्याला जायचं होतं. भाऊजींना मी पुढं बसवलं, माझ्या जागेवर, आणि दोर हातात दिला. ज्या दिशेनं वारा येतो त्या दिशेला शिडाची होडी सरळ जात नाही. आधी एका बाजूला तिरकी न्यायची, मग वळवून दुसऱ्या बाजूला, असं नागमोडी जावं लागतं. मी पहिलं वळण उशिरा घेतलं. शीड फडफडलं, होडी थांबली आणि मागं सरकायला लागली. भाऊजींनी काठ घट्ट धरला. मी सुकाणू उलटं दाबलं, ह्यांनी एकदा केलेलं बघितलं होतं तसं. होडी हळूहळू वळली आणि पुन्हा चालायला लागली.

म्हातारीनं हे सगळं पदर डोक्यावर धरून बघितलं. काठ समोर दिसत होता आणि आम्ही तिसऱ्यांदा त्याच्याकडं पाठ फिरवली तेव्हा ती म्हणाली, "बाई, त्यो बग तिकडं हाय उतार."

"माहीत आहे हो. असंच जावं लागतं."

"तुजा नवराबी असाच न्यायचा. आमाला वाटायचं, ह्याला वाट ठावं न्हाई. नेवीत कसा घेतला म्हनायचो."

भाऊजी पुढं खाली मान घालून हसत होते. मलाही हसू आलं. ते आलं आणि गेलं, पण आलं हे मला कळलं, कारण गालांना ताण पडल्यासारखं झालं.

त्यानंतर रोज दोन-तीन फेऱ्या. वारा पडला की वल्ही मारायची. दूध, रेशनची पोती, बाळंतीण बघायला निघालेली आई, एकदा नुसत्या कोंबड्या. माणसं पहिल्यांदा घाबरायची, मग सवयीनं बसायची. भाऊजी दोर सांभाळायला शिकले. मी काही सांगायच्या आधीच ढिला करायला लागले. माझे हात सोलले, मग घट्टे पडले. ह्यांच्याबद्दल लोक बोलायचे, सहज, समोर बसलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. सांगलीत सगळे आवाज खाली करून बोलत होते.

ते तुकड्यांचं मी भाऊजींना आठ-दहा दिवसांनी सांगितलं. दुपारी ते इंजिनाचे भाग डिझेलमध्ये धूत होते आणि मी पुसून कागदावर ठेवत होते. मनाशी काही जुळवलं नव्हतं.

मी म्हणाले, "भाऊजी, तुमचा पुढचा दोर पत्र्यावर घासत होता. मी बसले होते तिथून मला दिसत होता."

ते धूत राहिले.

"माझ्या पिशवीत दोन तुकडे होते. मी उठले नाही."

"का?"

"माहीत नाही. उठावंसं वाटलं नाही."

त्यांनी एक नट बोटांत फिरवून बघितला, पुन्हा डिझेलमध्ये टाकला. "म्याबी बगितला हुता, वैनी," ते म्हणाले. "लाँच बांदतानाच बगितला हुता. तीस वर्सं ह्येच करतोय, मला कळत न्हाई व्हय? म्हनलं, ऱ्हाऊ दे. काय हुतंय ते हुतंय. दादा गेल्यापास्नं मला असंच झालंय. कशाला हातच लावू वाटत न्हाई."

"मग होडीला एवढं केलंत?"

"ते तुमी सांगत हुता म्हनून केलं."

एक-एक भाग पुसून होईपर्यंत ऊन उतरलं. मला हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण सोळा दिवसांत, पंचवीस दिवसांत जे जे लोक माझ्या शेजारी बसून गेले, त्यांत माझ्यासारखाच बसलेला माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटला. तो ह्यांचा भाऊ आहे, त्याचंही काही गेलं आहे, हे माझ्या डोक्यात त्याआधी आलंच नव्हतं. दहाव्याला घाटावर एका बाजूला उभे होते तेव्हा मी त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लाँच पाण्यात गेली. पहिल्यांदा धूर फार आला, मग बरी चालली. पाऊस लागायच्या आत होडी वर काढून ठेवायची होती, कारण धरण भरायला लागलं की पाणी रोज वर चढतं आणि बांधलेल्या होडीचे दोर रोज बदलत बसावं लागतं. वाडीतल्या दहा-बारा जणांनी ती ओंडक्यांवरून सरकवत पार वरच्या झाडांपर्यंत नेली. उलटी करून ठेवली. मी सुतळ्या सोडून जीनचे तुकडे काढून घेतले. दोन अगदी झिरझिरीत झाले होते, ते तिथंच टाकले. बाकीचे भाऊजींनी मागितले. "लाँचीला लागत्याल," म्हणाले. मी दिले.

सांगलीला परत आले तेव्हा घरात कोंदट वास होता आणि शेजाऱ्यांनी दाराशी ठेवलेली वर्तमानपत्रं भिजून गेली होती. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं तसे सगळे पुलाकडं बघायला लागले, किती फूट झालं, कोयनेतून किती सोडलं. भाऊजी रोज सकाळी फोन करायचे आणि तिकडं पाणी कुठल्या झाडापर्यंत आलं ते सांगायचे. मग मी खालच्या मजल्यावरच्यांना सांगायचे. त्या निमित्तानं लोकांशी बोलणं होत होतं. बाकी मी नीट जेवत होते, झोपत होते, आणि दुपारी बराच वेळ कुठंच नसल्यासारखी बसत होते.

दिवाळीच्या आधी लेक आली. म्हणाली, "मला दाखव ती होडी." आम्ही गेलो. होडी पाण्यात घातली होती, धरण भरलेलं, आमराई कुठं होती ते आता सांगताही येत नव्हतं. लेक पुढं बसली. तिला दोर कुठला सोडायचा आणि कुठला धरायचा ते कळेना, दोनदा तिनं चुकीचा सोडला आणि मी तिच्यावर ओरडले. ती वळून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, परत सांग." मी परत सांगितलं. लांबून भाऊजींची लाँच माणसं घेऊन येत होती. तिच्या लाटा आमच्यापर्यंत येतील म्हणून मी होडीचं तोंड तिकडं वळवलं आणि लेकीला घट्ट धरून बसायला सांगितलं.